बर्नसाइड: आधी बांधलं, परवानगी नंतर

महापालिकेने जागा आणि पैसे दिल्याशिवाय स्केटपार्क, म्हणजे स्केटबोर्ड चालवायला उतार बांधलेली जागा, होऊच शकत नाही, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. अमेरिकेत पोर्टलंडचं बर्नसाइड स्केटपार्क नेमकं उलट्या क्रमाने झालं. इथे हिवाळाभर पाऊस, स्केटिंगला कोरडी जागा नाही. म्हणून काही पोरांनी १९९० मध्ये बर्नसाइड पुलाखालची जागा हेरली आणि कुणालाही न विचारता भिंतीला लागून काँक्रीटचा पहिला उतार ओतला. मग हातात पैसे येतील तसा एकेक तुकडा वाढवत गेले. शहराने ते पाडलं नाही, पुढे मान्यताच दिली. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की या पुलाखाली ज्यांचा काँक्रीटवर हात बसला त्यांच्यातूनच ड्रीमलँडसारखी कंपनी निघाली आणि आता नगरपालिका तिच्याकडून पार्क बांधून घेतात.

मी जवळच हिल्सबरोला राहते, मुलाला घेऊन जाते. बाहेर पाऊस धो धो कोसळत असतो आणि आत चाकांची घरघर. जवळून पाहिलं तर काँक्रीटला जागोजागी वेगवेगळ्या रंगाची ठिगळं दिसतात, आणि वरच्या काठाचा लोखंडी पाइप घासून घासून चकचकीत झालेला. पहिल्या दिवशी मुलगा घाबरून तासभर कडेलाच बसला होता. शेवटी एका पिकल्या दाढीच्या माणसाने हाताने खूण करून त्याला त्याची पाळी दिली.