मदत हवी आहे: ‘कीलहॉर्न’ या जर्मन आडनावाचा उगम आणि प्रसार

नमस्कार मंडळी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे आणि पतंजलीचे महाभाष्य संपादित करणारे फ्रान्झ कीलहॉर्न (१८४०–१९०८) मूळचे ओस्नाब्रुकचे. ब्राउनश्वाइगचे शिक्षणतज्ज्ञ हाइनरिश कीलहॉर्नही वायव्य जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्यातलेच. म्हणून हे आडनाव कील शहरावरून आले असावे, हे मला पटत नाही; ते बरेच उत्तरेला, बाल्टिक किनाऱ्यावर आहे.

उत्तर जर्मनीच्या बोलीत ‘कील’ म्हणजे पाचर आणि स्थलनामांत ‘हॉर्न’ म्हणजे पुढे आलेला जमिनीचा कोपरा. मग हे पाचरीसारख्या शेताचे नाव असेल का? आपल्या ‘कील’ (खुंटी, खिळा) शब्दाशी असलेल्या साम्यावरून मात्र कृपया निष्कर्ष काढू नका, पुरावा शेतनावांचाच हवा. त्या भागातल्या जुन्या जमीन-नोंदी कुणी पाहिल्या आहेत का?

दुसरे, या आडनावाच्या लोकांची संख्या. टेलिफोन जोडण्यांवरून केलेले आडनावांचे नकाशे कुटुंबे मोजतात, माणसे नव्हे. शिवाय मोबाइल आल्यावर घरचे फोन घटले, त्यामुळे अलीकडच्या याद्या आकडा कमी दाखवतात. पहिल्या महायुद्धातील जर्मन सैनिकहानीच्या याद्यांत गावेही सापडतात. त्या शोधताना ‘कीलहोर्न’, ‘किलहॉर्न’ अशी सगळी रूपे जर्मन वर्णलेखनात घालून पाहावीत, कारण कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत ‘e’ आणि ‘n’ ही अक्षरे सहज एकमेकांत मिसळतात. जिल्हावार नोंदी कुणाकडे असतील तर वर्षासह द्याव्यात.