जूनमध्ये फीनिक्सला गोल्फ खेळायला जाणं: हौस की अविचार?

रानवारा:
आम्ही चौघे शिकागोचे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात चार दिवस ॲरिझोनातल्या फीनिक्स-स्कॉट्सडेलला गोल्फसाठी जायचा बेत आहे आणि ज्याला सांगावं तो कपाळाला हात लावतो. दुपारी ४३ सेल्सियस, तिथे कोण खेळतं? माझं मत असं की जावं, आणि जूनमध्येच जावं.

एक तर पैसे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथल्या नावाजलेल्या रिसॉर्ट कोर्सवर (गोल्फच्या मैदानावर) एका फेरीचे तीनशे-चारशे डॉलर जातात. जूनमध्ये बऱ्याच ठिकाणी तेच शंभराच्या आत येतं, हॉटेलंही तशीच उतरतात. आमच्यासारख्या पगारदारांना एरवी तो खेळ टीव्हीवरच बघावा लागतो. टीपीसी स्कॉट्सडेल या कोर्सचा सोळावा होल घ्या. फीनिक्स ओपन स्पर्धेच्या वेळी त्याच्या चहूबाजूंनी स्टँड उभे राहतात, हजारो लोक आरडाओरडा करत असतात. १९९७ साली टायगर वुड्सने तिथे एका फटक्यात चेंडू होलमध्ये घातला होता. रिकामा का असेना, त्या टीवर (पहिला फटका मारायच्या जागेवर) उभं राहायची इच्छा मला कित्येक वर्षं आहे.

दुसरं म्हणजे वेळ. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. त्यामुळे जूनमध्ये सव्वापाचच्या सुमाराला सूर्य वर आलेला असतो. पहिला टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) घेतला, कार्टने (छोट्या गाडीने) फिरत खेळलं, तर साडेनवाच्या आत पूर्ण फेरी, म्हणजे अठरा होल, संपतात. नंतर खोलीत एसी लावून झोप.

आणि वाळवंटातला गोल्फ वेगळाच असतो हो. टीपासून फेअरवेपर्यंत (कापलेल्या गवताच्या पट्ट्यापर्यंत) मध्ये नुसती खडी, झुडपं आणि माणसाच्या तिप्पट-चौपट उंचीचे सग्वारो निवडुंग. फटका सरळ गेला नाही तर चेंडू गेलाच समजा, कारण तिथे हात घालायची सोय नाही. खडकाआड रॅटलस्नेक, म्हणजे विषारी साप असतो.

पाण्याचा मुद्दा निघेलच. माझ्या माहितीप्रमाणे बरेच कोर्स प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर चालतात. तुमचं काय म्हणणं?

पाणपोई:
मी फीनिक्सशेजारच्या टेंपीत राहते, तेव्हा थोडं सविस्तर लिहिते. रागावू नका.

स्कॉट्सडेलच्या हद्दीला लागून रिओ व्हर्दे फूटहिल्स नावाची वस्ती आहे. तिथल्या शेकडो घरांना टँकरने पाणी येत होतं, ते स्कॉट्सडेल शहराच्या हायड्रंटवरून (सार्वजनिक नळावरून) भरलेलं. १ जानेवारी २०२३ला शहराने ते बंद केलं. आमचं पाणी आधी आमच्या रहिवाशांना, कोलोरॅडो नदीत तुटवडा आहे, असं कारण दिलं. लोक पावसाचं पाणी बादल्यांत धरायला लागले, भांडी घासायला लागू नयेत म्हणून कागदी ताटल्यांत जेवायला लागले. गाडीने थोडं पुढे गेलं की गोल्फ कोर्स हिरवेगार. कायद्याने सगळं बरोबर होतं, पण माझ्या डोळ्यांना ते दिसायचं राहत नाही.

'सांडपाण्यावर चालतं' हे वाक्य फार सोयीचं आहे. वर्षाला जेमतेम १८ सेंटीमीटर पाऊस पडणाऱ्या ठिकाणी सांडपाणी हे टाकाऊ नसतंच. पालो व्हर्दे अणुवीज केंद्र या भागातल्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावरच थंड होतं. स्कॉट्सडेल स्वतः असं पाणी पिण्यायोग्य होईपर्यंत शुद्ध करून जमिनीत मुरवतं. म्हणजे फेअरवेवर फवारलेल्या पाण्याला दुसरं गिऱ्हाईक होतं.

चार दिवसांच्या मौजेसाठी या व्यवस्थेला हातभार लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

कडुनिंब:
पाणपोईताई, भावना समजते, पण प्रमाण बघा. ॲरिझोनात वापरल्या जाणाऱ्या पाण्यापैकी ७० टक्क्यांच्या आसपास शेतीला जातं. गोल्फचा वाटा सुमारे २ टक्के. आणि तिथे काही मोकाट कारभार नाही. १९८०च्या भूजल कायद्यानंतर फीनिक्स परिसरातल्या नव्या कोर्सना १८ होलमागे साधारण ९० एकर हिरवळ धरूनच पाणी मिळतं. रानवारांना आवडणारी ती मधली खडी आणि सग्वारो हौसेने ठेवलेले नाहीत. पाण्याचा कोटा संपतो तिथे वाळवंट सुरू होतं.

माझा गवताशी रोजचा संबंध आहे (काम मैदानांवरच्या हिरवळीचंच), म्हणून एक गोष्ट सांगतो, जी पाहुण्यांना कोणी सांगत नाही. तिथल्या कोर्सवरचं कायमचं गवत बर्म्युडा. त्याला उन्हाळा मानवतो, पण थंडी पडली की ते झोपतं आणि वाळक्या गवतासारखं तपकिरी दिसतं. हिवाळी पाहुण्याला मात्र फोटोत दिसतं तसं गर्द हिरवं हवं असतं. म्हणून दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बर्म्युडा खरवडून त्यावर राय या थंडीत हिरव्या राहणाऱ्या गवताचं बी पेरतात. ते रुजेपर्यंत दिवसातून कितीतरी वेळा पाणी मारावं लागतं. कोर्स दोन-तीन आठवडे बंद राहतो, उघडल्यावरही काही दिवस कार्ट रस्ता सोडून गवतावर नेऊ देत नाहीत. हा सगळा खटाटोप जानेवारी ते मार्चच्या गिऱ्हाइकासाठी चालतो. जूनमध्ये येणारा माणूस जे गवत तिथे आपसूक वाढतं त्यावरच खेळतो. पाण्याच्या हिशेबात हिवाळी पाहुणा जास्त महागात पडतो.

सावरी:
पाण्याचं तुम्ही बघा, मी माणसांचं लिहिते. मी फीनिक्समध्ये इमर्जन्सी विभागात नर्स आहे.

२०२३मध्ये इथे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट (सुमारे ४३ सेल्सियस) किंवा त्यावर होता. त्या वर्षी एकट्या मॅरिकोपा काउंटीत (फीनिक्स याच जिल्ह्यात येतं) उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यात बेघर आणि म्हातारी माणसं खूप होती, गोल्फर क्वचितच, हे मान्य. पण बाहेरगावच्या धडधाकट माणसांचं काय होतं ते मी बघते. हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसतच नाही. शर्ट कोरडा, म्हणून माणसाला वाटतं आपल्याला घाम येत नाहीये. बाराव्या-तेराव्या होलला डोकं दुखायला लागतं, तो ते उन्हावर ढकलतो आणि बिअर घेतो. तिथून पुढे तो आमच्याकडे येतो. दुपारी पार्किंगमध्ये चक्कर येऊन पडलेल्या माणसाला डांबराने भाजलेलं असतं, अगदी कातडी सोलवटेपर्यंत. हे मी वाचलेलं नाही, त्या जखमांवर पट्ट्या बांधल्यात.

'साडेनवाच्या आत संपवू' हे कागदावर ठीक. पुढचा गट रेंगाळला की अकरा वाजतात. अतिउष्णतेचा इशारा असेल त्या दिवशी फीनिक्स शहर कॅमलबॅक डोंगराची वाट दुपारी बंद ठेवतं. गोल्फ कोर्स मात्र उघडा असतो. तिथे थांबायचं कधी, ते तुमचं तुम्हालाच ठरवावं लागतं. चौघांपैकी कोणी रक्तदाबाची, विशेषतः लघवी जास्त करवणारी गोळी घेत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय येऊ नका. आणि नुसतं पाणी ढोसू नका, मीठही पोटात गेलं पाहिजे.

रानवारा:
सावरीताई, मनापासून आभार. आमच्यातल्या एकाला अशी गोळी आहे, त्याला आजच हे वाचायला पाठवलं. अकरा वाजायला लागले तर चौदाव्या होलवरून परत फिरायचं, हे चौघांनी कबूल केलंय. पैसे गेले तरी चालतील.

पाणपोईताई, रिओ व्हर्देचं वाचून वाईट वाटलं. पण तो प्रश्न शहराच्या हद्दीचा आणि पाण्याची सोय नसताना घरं बांधू दिली त्याचा आहे. मी गेलो नाही म्हणून त्या घरांत एक बादली जास्त येणार नाही.

घाटवाट:
कुणीच काढला नाही तो मुद्दा मांडतो. तुम्ही सव्वापाचला टीवर उभे राहता तेव्हा ग्रीन (होलभोवतीची बारीक हिरवळ) कापून झालेलं असतं, बंकर (वाळूचा खड्डा) ओढून झालेला असतो. ती माणसं अंधारात कामाला लागलेली असतात आणि तुम्ही एसीत झोपल्यावरही उन्हात फवाऱ्याची डोकी बदलत असतात. २०२४मध्ये फीनिक्स शहराने आपल्या कंत्राटी कामगारांसाठी सावली, पाणी, विश्रांती देणं बंधनकारक केलं, पण ते शहराच्या कंत्राटांपुरतं. खाजगी कोर्सवरच्या माणसाला त्याचा आधार नाही.

तरी मी 'जाऊ नका' म्हणणार नाही. उन्हाळ्यात गिऱ्हाईक आटलं की याच लोकांचे तास कापले जातात. जा, आणि शहराच्या मालकीच्या कोर्सवरही खेळा. पापागो १९६०च्या दशकापासून आहे, लाल टेकड्यांच्या कुशीत. स्थानिक लोक तिथेच खेळतात.

पाणपोई:
कडुनिंब, रायच्या पेरणीचं नीट समजलं, पण अर्धंच सांगितलंत. बर्म्युडा सर्वांत जास्त पाणी पितं ते जून-जुलैतच, कोर्सवर कुणी खेळो न खेळो. तुमच्या जूनच्या पाहुण्याची फी ते बिल भरायला मदत करते, म्हणून अठरा होल बारा महिने जिवंत राहतात. पाहुणेच आले नाहीत तर काही कोर्स उन्हाळ्यात नऊ होल सुकू देतील.

आणि २ टक्क्यांबद्दल. २०२२मध्ये कोलोरॅडोच्या तुटवड्यामुळे ॲरिझोनाच्या वाट्याला ५,१२,००० एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एका एकरावर फूटभर उभं राहील इतकं पाणी) कपात आली. कोलोरॅडोतून ३३६ मैलांच्या कालव्याने येणारं ते पाणी सर्वांत आधी पिनाल काउंटीच्या शेतकऱ्यांचं गेलं. त्यांनी जमिनी पडीक टाकल्या. शेती ७० टक्के वापरते हे खरं, पण कपातही तीच सोसते. रानवारा, तुमच्या एका बादलीचं गणित प्रत्येक पाहुणा मांडतो, म्हणून कुणालाच काही सोडावं लागत नाही.

कडुनिंब:
नऊ होल सुकू द्यावेत, या मताचा मीही आहे. पण ते गिऱ्हाइकाने मागितलं तरच होईल. रानवारा, बुकिंग करताना प्रो शॉपला (कोर्सवरच्या दुकानाला) दोन प्रश्न विचारा: पाणी कुठलं वापरता, आणि हिवाळ्यात फेअरवेवर राय पेरता की नाही? फक्त टी आणि ग्रीनवर पेरणारे कोर्स आहेत, त्यांच्याकडे जा. मातीत हवा खेळावी म्हणून ग्रीनना भोकं कधी पाडणार तेही विचारून घ्या. हे काम उन्हाळ्यातच करतात आणि त्यानंतर आठवडाभर तरी पट (ग्रीनवरचा हलका फटका) नीट लागत नाही. जूनमध्ये राय मरून बर्म्युडा वर येत असतं, तेव्हा फेअरवेवर पिवळे चट्टे दिसतील. त्याबद्दल तक्रार करू नका.

पाणपोई:
विचारा जरूर. माझं मत मात्र बदललेलं नाही. आलातच तर एका दुपारी कोर्सऐवजी तो कालवा बघायला चला, टीपीसीपासून लांब नाही. मी येईन दाखवायला.