मदत हवी आहे: व्हेरिकोज व्हेनची झडप आजाराने फाटलीय की स्ट्रिपिंगमुळे (शीर ओढून काढताना), स्लाइडवर ओळखायचं कसं?

नमस्कार मंडळी, मी एमडी पॅथॉलॉजी सेकंड इयरला आहे, थिसिस क्रॉनिक व्हीनस डिसीजमधे शिरांच्या झडपांत मायक्रोस्कोपखाली काय बदल होतात यावर आहे. सर्जरीकडून मांडीतली लाँग सॅफेनस व्हेन (पायाच्या आतल्या अंगाने कातडीखालून जाणारी लांब शीर) फॉर्मलिनमधे येते.

भिंतीचं चित्र छान दिसतंय. मॅसन ट्रायक्रोम हा रंग दिला की मिडियातले (भिंतीच्या मधल्या थरातले) लाल स्नायूंचे गठ्ठे निळ्या कोलॅजनने एकमेकांपासून लांब ढकललेले, ईव्हीजीवर (इलॅस्टिक दाखवणाऱ्या रंगावर) इलॅस्टिक तंतू तुटक तुटक, एकाच शिरेत एक जागा जाड तर वीतभर खाली एकदम पातळ. पण झडप! कांद्याच्या पापुद्र्यासारख्या दोन पाकळ्या, मधे थोडं कोलॅजन आणि दोन्ही अंगांना एंडोथेलियमचा (आतल्या अस्तराच्या पेशींचा) एकेक थर, बस. ब्लॉकमधे ती कुठे दुमडून पडते देव जाणे, सेक्शनमधे नुसता एक धागा लटकताना दिसतो, मग ती आजाराने आखडलीय की कट तिरका गेलाय हेच कळत नाही. काहींत भोकं आहेत, कडा फाटलेली आहे, पण शीर स्ट्रिपरने ओढून काढलेली असते, कधी उलटी होऊन येते, तर ते फाटणं आजाराचं धरू की स्ट्रिपरचं?

दुसरं म्हणजे कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी निरोगी शीर. हृदयाच्या बायपासमधे उरलेला सॅफेनसचा तुकडा घे असं सगळे सांगतात, पण ते पेशंट साठीतले, शुगर-बीपीवाले आणि माझ्याकडचे बरेचसे तिशी-चाळिशीतले, हॉटेलात नाहीतर दुकानात दिवसभर उभे राहणारे.

ओपीडीत घोट्याजवळची कातडी काळी पडून जखम झालेले लोक येतात, महिनोन् महिने ड्रेसिंग चालतं, ते बघून वाटतं की हे काम नीटच व्हायला हवं. आधी झडप बिघडते की आधी भिंत सैल पडते हा वाद जुना आहे, धड चालणाऱ्या झडपेच्या खालीही शीर फुगलेली सापडते, म्हणजे सगळं खापर झडपेवर फोडता येत नाही. १९९८ मधे सॅन डिएगोच्या टीमने आजारी झडपांत मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, यांच्यापासूनच मॅक्रोफेज बनतात) घुसलेले दाखवले, म्हणून मलाही सीडी ६८ (मॅक्रोफेज दाखवणारा मार्कर) लावायचाय. पण फाटणंच खोटं असेल तर त्यातले मॅक्रोफेज मोजून काय सांगणार? कोणी केलंय का हे काम? प्लीज सांगा.

प्रतिसाद:
कडा बघ. जिवंतपणी फाटलेली कडा गोलसर, जाड होते, तिच्यावर एंडोथेलियम पुन्हा चढलेलं असतं, सीडी ३१ (एंडोथेलियम दाखवणारा मार्कर) लावलास की कडेवरून सलग रेघ दिसेल. ओढताना फाटली असेल तर कड उघडी, कोलॅजन पिंजारलेलं, आसपास काही रिअॅक्शन नाही. पाकळी दुमडली असेल तर ईव्हीजी कामाला येतो, इलॅस्टिक जास्त करून रक्तप्रवाहाकडच्या अंगाला असतं, त्यावरून कुठली बाजू कुठली ते कळतं.

कटचं म्हणशील तर सॅफेनसमधे पाकळ्यांच्या मोकळ्या कडा कातडीला समांतर असतात. सर्जनला सांग, कातडीच्या बाजूला एक टाका मारून दे आणि स्ट्रिपर घालायच्या आधी जांघेजवळचा तुकडा हाताने सोडवून दे. मग शिरेच्या लांबीला धरून पण कातडीला काटकोनात काप, दोन्ही पाकळ्या एका सेक्शनमधे येतील. फिक्स करताना कॉर्कवर पिनने ताणून लाव, नाहीतर आकसते.

बायपासचा तुकडा ठेव, पण वय टेबलात स्पष्ट दाखव. सोबत त्याच पेशंटची डॉपलरवर रिफ्लक्स (रक्त उलटं वाहणं) नसलेली जागा, म्हणजे उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदाच्या आत थांबतो अशी, सोनोलॉजिस्टकडून मार्क करून घे. वय, शुगर, कामधंदा सगळं आपोआप सारखं.

धागाकर्ती:
खूप खूप आभार सर! टाक्याचं उद्याच सर्जरीच्या सरांना विचारते. एकच शंका, आधी येऊन पडलेल्या नमुन्यांवर टाका नाहीये, त्यांच्यात फक्त भिंत मोजू आणि झडप सोडून देऊ का?