गुरुजींना कोच हवा, की आधी नुसतं शिकवायला मोकळीक हवी?

कृष्णाकाठची_बाई (मिरज तालुका)

सांगलीत कोचिंग म्हटलं की आधी नीट-जेईईचे फलक डोळ्यांपुढे येतात. मी बोलतेय ते शिक्षकाच्या कोचिंगबद्दल. अनुभवी माणूस आपल्या वर्गात मागे बसतो, बघतो, तास संपल्यावर एकाच गोष्टीवर बोलतो आणि पंधरा दिवसांनी परत येतो. पीपीटी नाही, चहा-बिस्किटं नाहीत, सेल्फी तर नाहीच.

2020 च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकाला वर्षाला 50 तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. ते तास आपण कसे भरतो हे इथं कुणाला सांगायला नको. दीक्षा या सरकारी प्रशिक्षणाच्या ॲपवर व्हिडिओ लावून मोबाईल कपाटावर ठेवायचा, भाकरी भाजून झाल्या की प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं.

चार वर्षांपूर्वी निवृत्तीला आलेल्या एक बाई माझ्या तिसरीच्या वर्गात बसल्या होत्या. हातच्याची वजाबाकी चालू होती, 52 वजा 28. तास रंगला, पोरं "होऽऽ बाई" म्हणत होती, मी खूष. तास झाल्यावर त्यांनी वही पुढे केली. वर्गाचा नकाशा काढून, ज्याला प्रश्न विचारला त्याच्या जागेवर एक रेघ मारलेली. एकूण 24 रेघा. त्यातल्या 19 पहिल्या रांगेतल्या चौघांच्या. खिडकीकडच्या रांगेत एकही नाही, आणि त्या रांगेतल्या सहापैकी पाच पाट्यांवर उत्तर 36. आठातून दोन गेले सहा, पाचातून दोन गेले तीन! आठ वर्षं मी शिकवत होते आणि हे मला कुठल्याच प्रशिक्षणात कळलं नव्हतं. बाई एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून आधी प्रश्न विचार, मनात पाच मोज, मग नाव घे."

असा माणूस प्रत्येक शिक्षकाला मिळायला हवा, असं माझं मत. बोला.

बॅकवॉटरचा_मास्तर (सातारा जिल्हा, पश्चिम भाग)

मॅडम, वहीचा किस्सा आवडला. आता आमच्याकडं या. कोयनेच्या पाण्यापलीकडची वाडी, पट 11, शिक्षक दोन. एक जण मीटिंगला गेला की चारही इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात. तुमचा कोच लाँचनं येणार की चालत? आणि जुलैत? पोषण आहाराची नोंद, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, मतदारयादीचं काम, वर हे ॲप नि ते ॲप. मला कोच नको, तिसरा शिक्षक द्या. माझं काय चुकतंय ते मला माहीत आहे, दुरुस्त करायला वेळ नाही.

तासगावचा_बेदाणा

+1. आम्ही अनुदानित माध्यमिकवाले. 12 वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, 24 वर्षांनी निवड वेतनश्रेणी, आणि त्यासाठी प्रशिक्षण. 2022 ला तर 2000 रुपये शुल्क आमच्याच खिशातून. शिकण्याशी संबंध शून्य, पगारवाढीशी शंभर टक्के. कोचिंग आलं तर त्याचंही असंच होणार. पोर्टल येणार, फोटो अपलोड होणार, "आज कोच आले होते" असा रकाना भरायचा.

आकडेवाला_सांगलीकर

भावनेपेक्षा पुराव्यावर बोलू. मॅथ्यू क्राफ्ट या अमेरिकी संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी 2018 साली कोचिंगवरचे 60 अभ्यास एकत्र तपासले. शिकवण्यात चांगली सुधारणा दिसली, मुलांच्या गुणांतही दिसली, पण कमी. दक्षिण आफ्रिकेत दोन गटांना एकसारखेच पाठ दिले होते. एका गटाचं एके ठिकाणी बोलावून प्रशिक्षण झालं, दुसऱ्याच्या वर्गात कोच नियमित जायचा. वाचनात दुसऱ्या गटाची मुलं पुढे गेली. म्हणजे बाईंचा मुद्दा खरा आहे.

बॅकवॉटरचा_मास्तर

@आकडेवाला, त्याच 2018 च्या अभ्यासाचा पुढचा भाग पण सांगा की. कार्यक्रम मोठा झाला की परिणाम निम्म्याच्या आसपास येतो. शंभर शिक्षकांना चांगला कोच मिळेल. जिल्ह्यातल्या हजारोंना कुठनं आणणार? शेवटी ज्याला शाळा नको झालीय तोच कोच म्हणून फिरायला लागणार.

आकडेवाला_सांगलीकर

मान्य. ते मी सांगायला हवं होतं.

वाईचा_निवृत्त_केंद्रप्रमुख

नमस्कार. तुम्ही सगळे जो माणूस शोधताय ते पद आपल्याकडं कधीचं आहे, केंद्रप्रमुख. मी त्या पदावर नऊ वर्षं होतो. केंद्रात 14 शाळा. कागदावर काम काय, तर वर्गात बसणं आणि शिक्षकाला मदत करणं. प्रत्यक्षात मी वरून आलेली माहिती गोळा करून वर पाठवणारा पोस्टमन होतो. फाटकात माझी मोटारसायकल दिसली की पाठ असलेली कविता सुरू व्हायची. खरा वर्ग मला नऊ वर्षांत फारच थोडे वेळा दिसला, कारण शेरेबुक माझ्याच हातात होतं. ज्याच्या शेऱ्याची भीती आहे त्याच्यापुढं कोण आपली 36 वाली पाटी दाखवेल?

कुमठे बीट आठवतं का? सातारा जिल्ह्यातल्या त्या गटातल्या, पोरांना स्वतः करून शिकू देणाऱ्या शाळा बघायला 2015 च्या सुमारास राज्यभरातून शिक्षक गाड्या करून यायचे. आम्हीही गेलो. रंगवलेली फरशी, खडे, काड्या बघितल्या आणि येऊन आमच्याही फरश्या रंगवल्या. त्यावर बसलेल्या पोरांशी बाई काय बोलते, कधी गप्प राहते, हे टिपून घ्यायचं मात्र राहून गेलं. रंग दोन वर्षांत उडाला.

सीमाभागातली_ताई (जत तालुका)

माझ्या पहिलीत निम्मी पोरं घरी कन्नड बोलतात. 'पाणी' म्हटलं तर काही जण 'नीरु' म्हणतात आणि हसतात. माझं डी. एड. कोल्हापूरला झालं, कन्नड येत नव्हतं. मला शिकवलं कुणी? आमच्या शाळेतल्या खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी. रोज दुपारी दहा शब्द. मावशींना कोच म्हणायचं का, यावर कुणी जीआर काढेल असं वाटत नाही 😄

शाळेतला_क्लार्क

सगळं गुरुजींचंच चाललंय म्हणून लिहितो. शाळेत आम्हीही असतो. शालार्थ या पगाराच्या सरकारी संगणक प्रणालीवर पगारबिल कसं करायचं हे मला कुणी शिकवलं नाही. शेजारच्या शाळेतल्या क्लार्कनं फोनवर शिकवलं, रात्री साडेदहाला, स्क्रीनचे फोटो पाठवून. पहिल्या महिन्यात एका सरांचं नाव बिलातून राहिलं आणि त्यांचा पगार लटकला. ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. बाईंनी 'प्रत्येक शिक्षकाला' म्हटलंय, त्यात 'शाळेतले कर्मचारी' पण घाला.

तासगावचा_बेदाणा

@क्लार्क, ते सर आमच्या स्टाफरूममधले असावेत 🙏

कृष्णाकाठची_बाई

क्लार्कदादा, घातलं. चूक माझी.

मास्तर, तिसरा शिक्षक आधी हवा, यावर वाद नाही. पण "काय चुकतंय ते मला माहीत आहे" हे मला पटत नाही. मलाही तसंच वाटायचं. खिडकीकडची रांग रोज माझ्या डोळ्यांसमोर होती तरी दिसली नव्हती.

केंद्रप्रमुख सरांचं मात्र शंभर टक्के पटलं, आणि माझ्या पहिल्या पोस्टमध्ये तेच राहिलं होतं. त्या बाई माझ्या साहेब नव्हत्या. त्यांच्या हातात माझा गोपनीय अहवाल नव्हता, म्हणून मी वही बघून रडू शकले. बघणारा आणि शेरा लिहिणारा एकच असेल तर ही योजना नकोच. बेदाणेसाहेबांचं पोर्टल तर त्याहून नको.

दोनशिक्षकी शाळेत दुसऱ्याचा वर्ग बघायला जायला जमत नाही, हेही कबूल. मी गेल्या महिन्यात एक केलं. मोबाईल टेबलाच्या खणात ठेवून फक्त आवाज रेकॉर्ड केला, वीस मिनिटं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एकटीनं ऐकला. अजून पाचपर्यंत मोजत नाहीये मी. दोनवरच नाव घेते.

बॅकवॉटरचा_मास्तर

आवाजाचं जमंल. रेंज लागत नाही त्याला?

कृष्णाकाठची_बाई

नाही सर. विमान मोडवर टाका, मध्ये फोनही येणार नाही.