मदत हवी आहे: तापात थंडी का वाजते, हे नववीला कसं दाखवू?

नमस्कार मंडळी. शरीराचं तापमान ३७ अंशांच्या आसपास कसं टिकतं, ते नववीला शिकवतेय. घामाचा भाग छान जमला. दोन थर्मामीटर घेतले, एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं, पुठ्ठ्यानं वारा घातला. ओल्याचा पारा उतरू लागला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, माठासारखंच की!"

अडलंय ते तापापाशी. एका मुलीनं विचारलं, अंग भाजत असताना हुडहुडी का भरते? मेंदूतला हायपोथॅलॅमस ठरलेली पातळी ३७ वरून समजा ३९ वर नेतो, मग ३८ चं अंगही त्याला गारच वाटतं, म्हणून त्वचेकडचं रक्त कमी होतं, स्नायू थरथरतात, हे सांगून झालं. इस्त्रीचं उदाहरणही दिलं: चकती पुढे फिरवली की गरम इस्त्री आणखी तापते. पण ताप उतरताना सुटणारा घाम त्यात बसत नाही, इस्त्री स्वतःहून गार व्हायला काही करत नाही.

मुलं ४२, तास ३५ मिनिटांचा, वीज बेभरवशाची, व्हिडिओ नकोत. पातळी वर सरकणं आणि पुन्हा खाली येणं, दोन्ही मुलांना स्वतःच्या हातांनी करता येईल असा खेळ किंवा प्रयोग कुणी घेतलाय का?