तीन प्रतलं खडूने फळ्यावर कशी काढावीत?

गुहागरची_गणितवाली
बारावीला मॅट्रायसेस (आकड्यांचे तक्ते) वापरून समीकरणं सोडवायला शिकवतेय. क्ष + य + झ = ६, क्ष − य + झ = २, २क्ष + य − झ = १. मुलं भराभर सोडवतात, उत्तर (१, २, ३) लिहून चौकट करतात. पण प्रत्येक समीकरण म्हणजे अवकाशातलं एक प्रतल (सगळीकडे पसरलेला सपाट पृष्ठभाग), आणि त्या बिंदूत तीन प्रतलं भेटताहेत हे कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही, आणि त्याचीच मला तळमळ आहे. जिओजेब्रावर (गणिताची चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरवर) छान दिसतं, पण पावसात आमच्याकडे विजेचा भरवसा नाही. फळ्यावर तीन समांतरभुज चौकोन एकमेकांत घुसवले की पुढचं कुठलं, मागचं कुठलं, काही कळत नाही.

देवगड_मास्तर
मॅडम, प्रतलाला शेवट नसतो, म्हणून आधी त्याला घनात कोंडा. बाजू ४, एक कोपरा आरंभबिंदूवर, म्हणजे (०,०,०) वर. पहिलं प्रतल घनाच्या कडांना (४,२,०), (४,०,२), (२,०,४), (०,२,४), (०,४,२), (२,४,०) इथे कापतं. सगळे कडांचे मध्यबिंदू! ओळीने जोडा, षट्कोन तयार. दुसऱ्याचाही षट्कोनच: (२,०,०), (४,२,०), (४,४,२), (२,४,४), (०,२,४), (०,०,२). आता मुलांनाच विचारा, दोन्हींत सामाईक बिंदू कुठले? (४,२,०) आणि (०,२,४). ते जोडले की छेदरेषा. तिसरं प्रतल अख्खं काढूच नका. ते या रेषेला (०,२,४) पासून पाव अंतरावर भेदतं, तिथे लाल खडूने टिंब द्या.

चिपळूण_अकरावी_बारावी
याच चित्रावर पुढचंही होतं. तिसरं समीकरण बदलून क्ष + झ = ४ घ्या. पहिल्या दोघांची बेरीज करून निम्मी केली की हेच येतं, म्हणून तिन्ही प्रतलं त्याच रेषेतून जातात, उकली अनंत. ४ च्या जागी ५ केलं की एकही उकल नाही. मी तेव्हा वर्गाबाहेर नेऊन कौलारू घर दाखवते. दोन पाखी (छपराच्या उतरत्या बाजू) आढ्यावर मिळतात, प्रत्येक पाखं खाली माळ्याच्या पातळीला मिळतं. तीन रेषा, तिन्ही समांतर, तिघांचा मिळून एकही बिंदू नाही.

गुहागरची_गणितवाली
पाखी उद्याच दाखवते! पण मास्तर, घन कुठल्या बाजूने बघून काढू? कोपऱ्यावरून बघितला तर (४,४,४) आणि आरंभबिंदू एकावर एक येतात.

देवगड_मास्तर
समोरची बाजू सरळ चौरस काढा, मागे जाणाऱ्या कडा तिरक्या आणि निम्म्या लांबीच्या. असं काढलं तरी मध्यबिंदू मध्यबिंदूच राहतो, त्यामुळे मोजायला पट्टीसुद्धा लागत नाही. मागे झाकलेल्या रेषा तुटक ठेवा.