मदत हवी आहे: टाळूच्या मागची बारीक छिद्रं उजवी-डावीकडे वेगळी का?

नमस्कार मंडळी. मी नाशिकला बीडीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. व्हायवा तोंडावर आली आहे. सीनियर ताईची कवटी घरी आणली आहे आणि टाळूपाशी, म्हणजे तोंडाच्या छताच्या हाडापाशी, येऊन अडले आहे.

पुढचं छिद्र लगेच सापडलं. पटाशीच्या दातांमागे, मध्यरेषेवर इन्सिसिव्ह फोरामेन. मोबाईलचा टॉर्च मारला की आत दोन्ही बाजूंना वर नाकाकडे जाणाऱ्या नळ्या दिसतात. मागचं ग्रेटर पॅलटाइनही अक्कलदाढेच्या आतल्या अंगाला स्पष्ट आहे.

अडचण त्याच्या मागे आहे. उजवीकडे दोन बारीक भोकं, डावीकडे एकच. एकात तर टाचणी जेमतेम शिरते. कवटी बरीच हाताळलेली आहे, त्यामुळे हाड फुटलंय की मुळातच असं आहे, हे कळत नाही. परीक्षकांनी बोट ठेवून विचारलं तर काय सांगू?

आणखी एक. पंचवटीतल्या मावशीची वरची दाढ काढताना टाळूत इंजेक्शन दिलं, तेव्हा तिला बराच वेळ घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं. त्याचा या छिद्रांशी संबंध आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
काळजी करू नका, ही लेसर पॅलटाइन फोरामिना, म्हणजे टाळूची लहान छिद्रं. बहुधा एक किंवा दोन असतात, आणि दोन्ही बाजू सारख्या असतीलच असं नाही. कड बघा: मूळ छिद्राची गुळगुळीत असते, फुटलेल्या हाडाची खरखरीत. जागाही पक्की करा. ग्रेटरच्या मागून आत जाणारी पॅलटाइन क्रेस्टची कंगोरेदार रेघ बोटाला लागते. ही छिद्रं तिच्या मागे, पॅलटाइन हाडाच्या पिरॅमिडल प्रोसेस या मागे निघालेल्या भागात असतात.

मावशींचं म्हणाल तर संबंध आहे. ग्रेटरची नर्व्ह पुढे कडक टाळूकडे जाते, लेसरमधल्या नर्व्ह मागच्या बाजूला, मऊ टाळू आणि पडजिभेकडे जातात. औषध थोडं मागे पसरलं की मऊ टाळू बधिर होतो, मग घशात काही अडकल्यासारखं वाटतं, उमासेही येतात. पण टाळू हलतो, कारण या नर्व्ह संवेदनेच्या आहेत. हालचाल मुख्यतः व्हेगस नर्व्हकडे, फक्त टाळू ताणणारा टेन्सर स्नायू मॅन्डिब्युलर (खालच्या जबड्याच्या) नर्व्हकडे. व्हायवात हे हमखास विचारतात.

धागाकर्ती:
खूप आभार सर! भिंगाने पाहिलं, तिन्ही कडा गुळगुळीत आहेत. क्रेस्टची रेघ डावीकडे लागली, उजवीकडे फार पुसट आहे. तीही अशीच कमी-जास्त असते का?